दोन ग्लास शेजारी ठेवा: नागपुरात कमी पैशांत पांढरी वाइन चाखायला शिकताना

पांढरी वाइन चाखायला शिकायची तर आधी महागडी बाटली हवी, असं पुष्कळांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. लागतात ते दोन ग्लास, एकाच वेळी समोर ठेवलेले. एकटा ग्लास हातात असला की जीभ फार तर "आंबट आहे" किंवा "बरी आहे" एवढंच सांगते. शेजारी दुसरी वाइन आली की तीच जीभ बोलकी होते. ही जास्त आंबट, हिला पेरूचा वास, ती जरा गुळचट, हिची चव घशाखाली गेल्यावरही राहिली.

एम.एस्सी.ला असताना आम्ही तिघी मैत्रिणी प्रतापनगरात खोली करून राहत होतो. वर्गातले तिघे जण महिन्यातून एकदा यायचे. दरडोई दोनशे रुपये वर्गणी, त्यात दोन अर्ध्या बाटल्या, बर्फ आणि मुरमुरे. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक त्याच खोलीत शिकलेलं आहे.

आधी नियम

महाराष्ट्रात वाइन आणि बिअर विकत घ्यायला आणि प्यायला वय २१ पूर्ण हवं. २१ झाले नसतील तर हा लेख तोपर्यंत जपून ठेवा; खाली पाण्याचा आणि वासाचा सराव दिला आहे, तो मात्र आजही करता येईल. मद्य परवान्याबद्दल दुकानातच विचारा, एका दिवसाचा परवाना तिथे मिळतो. होस्टेलच्या खोलीत हा कार्यक्रम करू नका. बाटली घेऊन वर्ध्याच्या मित्राकडे जायचा बेत असेल तर तोही सोडा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे. आणि ज्यांना रात्री परत जायचं आहे त्यांनी गाडी आणूच नये. ऑटोचे पैसे वर्गणीत धरा, नाहीतर गाद्या घाला आणि सगळे तिथेच झोपा. आमच्याकडे हा नियम पहिल्या महिन्यापासून होता आणि तो कोणासाठीच सैल केला नाही.

पहिली पायरी: वाइनच्या आधी लिंबूपाणी

बाटली आणण्याच्या आदल्या दिवशी हा सराव करा. खर्च दहा-पंधरा रुपये.

चार ग्लासांत प्रत्येकी १०० मिली साधं पाणी घ्या. पहिल्या तिन्हींत प्रत्येकी अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस टाका, म्हणजे साधारण १० मिली. पांढऱ्या वाइनचा आंबटपणा जवळपास एवढाच असतो, ती चाखताना तो इतका जाणवत नाही ही गोष्ट वेगळी. आता पहिला ग्लास तसाच ठेवा. दुसऱ्यात अर्धा छोटा चमचा साखर विरघळवा. तिसऱ्यात दीड चमचा. चौथ्या ग्लासातलं पाणी ओतून द्या आणि त्यात बिनदुधाचा, मुद्दाम जास्त उकळलेला, थंड केलेला चहा भरा.

क्रमाने एकेक घोट घ्या आणि लक्ष कुठे जातं ते पाहा. पहिल्या घोटाला जिभेच्या कडांना पाणी सुटतं. हाच आंबटपणा. वाइनमध्ये तो किती आहे हे मोजायची सोपी खूण म्हणजे घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटलं. दुसरा ग्लास बहुतेकांना गोड लागतच नाही, फक्त लिंबाची धार बोथट झाल्यासारखी वाटते. ही या सरावातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, कारण स्वस्त पांढऱ्या वाइनमध्ये बऱ्याचदा नेमकं हेच केलेलं असतं. थोडी साखर राहू दिलेली असते, आणि पिणारा म्हणतो, "ही मऊ आहे." तिसरा ग्लास उघड गोड लागतो. चौथ्यात हिरड्या आवळल्यासारख्या होतात. तो तुरटपणा. पांढऱ्या वाइनमध्ये तो नावापुरताच असतो, कारण द्राक्षांचा रस आंबवण्याआधीच सालींपासून वेगळा करतात. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिथे तो भरपूर.

आता तिसऱ्या ग्लासातलं लिंबूपाणी दोन भागांत करा, एक फ्रीजमध्ये ठेवा आणि अर्ध्या तासाने दोन्ही चाखा. थंड कमी गोड लागेल. साखर तेवढीच आहे. हे एकदा स्वतःच्या जिभेने पाहिलं की पुढे बाटली किती थंड करायची यावर कोणाशी वाद घालावा लागत नाही.

वाइनच्या जगातला 'ड्राय' हा शब्दही इथेच समजून घ्या. ड्राय म्हणजे गोड नसलेली, एवढंच. ढोबळमानाने लिटरमागे ४ ग्रॅम किंवा त्याहून कमी साखर उरली असेल तर ती ड्राय. एका लिटरला एक छोटा चमचा साखर, एवढी ती कमी असते. फळांचा वास भरपूर असला की नवख्याला वाइन गोड वाटते. ते नाकाने जिभेला दिलेलं सूचन असतं. शंका आली तर नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना जे गोड लागेल तेच खरं गोड.

दुसरी पायरी: बाटली निवडणे

दुकानात "व्हाइट वाइन दाखवा" म्हटलं की बर्डीपासून सदरपर्यंत एकच प्रश्न येतो, "ताई, गोडवाली देऊ का कडकवाली?" यावर द्राक्षाचं नाव सांगा. सुरुवातीला दोनच नावं पुरतात: सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां. दुकानात 'सॉविग्नॉन', 'चेनिन' असंच म्हणतात, तुम्हीही म्हणा. बाटली तीच मिळते.

ही दोन्ही द्राक्षं मूळची फ्रान्सची, पण नाशिकच्या मातीत चांगली रुजली आहेत. राजीव सामंतांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली ती याच वाणांच्या जोरावर. आज नाशिकची सुला, गंगापूर धरणाजवळची यॉर्क, अकलूजची फ्रातेल्ली, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्समध्ये सुरू झालेली ग्रोव्हर, यांपैकी दोन-तीन नावं तरी मोठ्या दुकानात असतातच. परदेशी बाटलीकडे या टप्प्यावर वळू नका. आयात कर आणि लांबचा प्रवास यांचे पैसे तुम्ही द्यायचे आणि ग्लासात मात्र त्याच पैशांच्या देशी बाटलीपेक्षा साधी वाइन, असं बऱ्याचदा होतं.

पहिल्या संध्याकाळी एकाच कंपनीची दोन द्राक्षं घ्या. कंपनी तीच राहिली की जो फरक दिसेल तो बहुतेक द्राक्षाचा असेल. काही वाइनची ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते. सहा जणांत तिचे प्रत्येकी साठेक मिली होतात आणि चाखायला तेवढं भरपूर झालं. मिलीच्या हिशेबाने अर्धी बाटली थोडी महाग पडते. तरीही विद्यार्थ्यांनी तीच घ्यावी असं माझं मत आहे, कारण ७५० मिलीच्या एका बाटलीच्या आसपासच्या पैशांत दोन वाइन शेजारी ठेवता येतात. अर्धी मिळालीच नाही तर जास्त जण जमवा.

लेबलवर काय पाहायचं? वर्ष. बाकी सगळं नंतर. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, आणि लेबलवरचं साल म्हणजे त्या तोडणीचं साल. स्वस्त पांढरी वाइन मुरवण्यासाठी केलेलीच नसते. तिचा ताजेपणा हीच तिची किंमत. म्हणून चालू किंवा मागच्या सालाची बाटली मागा. तीन वर्षं जुनी असेल तर "जुनी वाइन चांगली असते हो" या बोलण्यावर जाऊ नका.

नागपुरात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे बाटली दुकानात कुठे उभी होती. आमची अगदी पहिली पांढरी वाइन मे महिन्यात घेतली होती. दुकानाच्या दर्शनी काचेत, पश्चिमेच्या उन्हात ती किती दिवस उभी होती कोण जाणे. ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या पातळ चहासारखा, वास कापून ठेवलेल्या, तांबूस पडलेल्या सफरचंदाचा. आम्हाला वाटलं पांढरी वाइन अशीच असते. त्यानंतर चार महिने आमच्यातल्या कोणी तिचं नाव काढलं नाही. ती वाइन उन्हाने आणि उष्णतेने मेलेली होती, हे फार उशिरा कळलं, आणि त्या चार महिन्यांची मला आजही हळहळ वाटते. म्हणून काचेतली बाटली घेऊ नका, आतली किंवा फ्रीजमधली मागा. ज्या दुकानात वाइन खपते, तिथूनच घ्या. पंचेचाळीस अंशांच्या शहरात धूळ बसलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या.

उन्हाळ्यात खरेदी संध्याकाळी सातनंतर करा आणि थेट घरी या. गाडीच्या डिक्कीत बाटली ठेवून कॉलेजला, तिथून लायब्ररीला, असं चालणार नाही. दुपारी उभ्या गाडीची डिक्की भट्टी असते आणि एका दुपारीत वाइनला शिजवल्यासारखी, मुरांब्याची चव येते.

तिसरी पायरी: थंड करणे

पांढरी वाइन ८ ते १२ अंशांना चाखावी. घरचा फ्रीज साधारण ४-५ अंशांवर असतो. म्हणजे फ्रीजमधून काढल्या काढल्या ती जास्त थंड असते, वास दबलेला असतो. पुस्तकं सांगतात, पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा. ही पुस्तकं नागपूरच्या मे महिन्यात लिहिलेली नाहीत. आपल्या खोलीत पस्तीस-अडतीस अंश असतात, बाटली पाच-सात मिनिटांत जागेवर येते आणि ग्लासातली वाइन त्याहून लवकर. म्हणून थोडी थोडी ओता आणि बाटली परत थंडाव्यात ठेवा.

खोलीत फ्रीज नसेल तर बादली. शेजारच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणा, फोडून बादलीत टाका आणि त्यात पाणी घाला. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खड्यांच्या मधल्या हवेमुळे ती हळू गार होते. पाणी चारही बाजूंनी चिकटतं. मूठभर जाडं मीठ टाकलं तर पाणी शून्याच्याही खाली जातं. वीस मिनिटांत काम होतं. हा बर्फ ग्लासात मात्र टाकायचा नाही. एक तर तो कुठल्या पाण्याचा ते माहीत नसतं, आणि वाइन पाणचट होते ती वेगळीच.

बाहेर काढलेली बाटली गार ठेवायला ओला दुपट्टा गुंडाळा आणि वाऱ्यात ठेवा. माठ आणि कूलर ज्या तत्त्वावर चालतात तेच हे, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते छान चालतं. गरम बाटली याने दहा अंशांवर येणार नाही, पण थंड केलेली बराच वेळ टिकते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत याचा उपयोग नाही.

खरं तर नवख्यांनी सुरुवात डिसेंबरात करावी. त्या दिवसांत नागपूरची रात्र दहा-बारा अंशांवर उतरते. बाटली संध्याकाळपासून गॅलरीत ठेवली की बर्फ नको, फ्रीज नको, वाइन अगदी हवी तेवढी गार. आणि बाजारात संत्री असतात, त्यांचं काम पुढे आहेच.

चौथी पायरी: खोली आणि ग्लास

खोलीला वास नको. उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, डिओ, नुकत्याच दिलेल्या फोडणीचा धूर, सगळं बंद. कूलरही चाखण्याच्या वेळेपुरता बंद करा. ओल्या वाळ्याचा वास मला फार आवडतो, पण तो सगळ्या वाइनवर पसरतो. आणि खर्रा खाणाऱ्या मित्राला सांगा, तीन-चार तास आधीपासून नाही. तंबाखू-सुपारीने बधिर झालेली जीभ रात्रभर काही सांगत नाही. आमच्यातला एक जण यावर रुसला होता, मग त्याने एक दिवस खरंच खर्रा सोडून पाहिला आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त वास त्यानेच ओळखले.

ग्लास काचेचा हवा, पोट रुंद आणि तोंड जरा अरुंद, म्हणजे वास वर गोळा होतो. इतवारीतल्या काचसामानाच्या दुकानात सुटे ग्लास मिळतात. महाग, पातळ काचेचे घेऊ नका, फुटतात. स्टीलचा पेला नको. सगळ्या वाइनला एकसारखेच ग्लास हवेत, नाहीतर फरक वाइनचा की ग्लासाचा ते कळत नाही. धुतल्यावर साबणाचा वास राहिला असेल तर नुसत्या गरम पाण्याने पुन्हा खंगाळा.

मधे एक पातेलं ठेवा, थुंकण्यासाठी. हे ऐकून नवखे लाजतात. जे लोक एका दिवसात पन्नास वाइन चाखतात ते सगळे थुंकतात, कारण तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर डोकं हलकं झालं की चव ओळखणं संपतं. गिळायचं की थुंकायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. सोबत पाण्याचा तांब्या आणि साधे, बिनमिठाचे मुरमुरे. चिवडा नको. आणि उपाशीपोटी बसू नका.

पाचवी पायरी: प्रत्यक्ष चाखणे

प्रत्येक ग्लासात दोन-तीन घोट, तीस मिलीच्या आसपास. उरलेली दुसऱ्या फेरीला.

रंगाला एक मिनिट पुरे. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरा. हिरवट झाक असलेला फिकट पिवळा म्हणजे ताजी. गडद सोनेरी म्हणजे गोड, लाकडाच्या पिंपात ठेवलेली किंवा जुनी. तपकिरी दिसली तर सावध व्हा.

वास मात्र घाई न करता घ्या, सगळी गंमत तिथेच आहे. आधी ग्लास न हलवता एकदा हुंगा. मग टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. छोटे छोटे श्वास. मग दुसरा ग्लास. परत पहिला. पुढेमागे जात राहा. एकाच ग्लासात नाक घालून बसलात तर दोन मिनिटांत नाक थकतं. थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ते पुन्हा ताळ्यावर येतं.

घोट तोंडात पाच सेकंद फिरवा. आंबटपणा कुठे, गोडी आहे का, घशाला ऊब किती लागली (ते अल्कोहोल, या वाइनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के). मग गिळा किंवा थुंका आणि मनात आकडे मोजा. चव तीन आकड्यांत संपली की दहापर्यंत राहिली? स्वस्त आणि चांगल्या वाइनमधला फरक मला या आकड्यांत जितका स्पष्ट दिसला तितका दुसऱ्या कशातही नाही.

आता लिहा. कोणाशीही बोलण्याआधी. एक जण मोठ्याने "पेरू" म्हणाला की सगळ्यांना पेरूच दिसतो. आमच्या वह्यांत "भिजलेली चिंच", "आजीच्या देवघरातली फुलं", "कच्चं बोर" असलं काहीही असायचं, आणि तेच उपयोगी पडायचं. इंग्रजी लेबलांवरची गूजबेरी आमच्यातल्या कोणीच खाल्लेली नव्हती. पाणचट, गुळचट, उग्र, आंबूस, तुरट, मिळमिळीत. आपल्या भाषेत चवीचे शब्द भरपूर आहेत, ते वापरा.

वासाची शाळा, गोकुळपेठच्या बाजारातून

वास ओळखीचा असतो आणि नाव सुचत नाही, ही सगळ्यांची अडचण. त्यावर उपाय बाजारात आहे. गोकुळपेठेतून एकेक नग आणा: पिकता पेरू, लिंबू, सफरचंद, ढोबळी मिरची, सांबाराची (म्हणजे कोथिंबिरीची) काडी, अननसाची एक फोड, संत्रं. घरातला मध घ्या आणि मैदानातलं मूठभर गवत. सगळं चिरून वाट्यांत झाकून ठेवा, डोळे मिटून हुंगा आणि नाव सांगा. समोर ठेवलेला सांबार बंद डोळ्यांनी ओळखता येत नाही, असं पहिल्या दिवशी निम्म्यांचं होतं. तीन वेळा केलं की येतं.

मग त्या वाट्या वाइनच्या ग्लासांशेजारी ठेवा. सॉव्हिन्यों ब्लांमध्ये ढोबळी मिरची आणि कापलेलं गवत सापडेल. हा नुसता भास नसतो. मेथॉक्सीपायराझीन नावाची जी संयुगं ढोबळी मिरचीला वास देतात तीच या द्राक्षातही असतात. उन्हात जास्त पिकलेल्या द्राक्षांत ती कमी होतात आणि पेरूकडे, अननसाकडे झुकणारा वास वर येतो. नाशिकच्या वाइनमध्ये दोन्हींची वेगवेगळी मिसळण दिसते, ती शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. शेनिन ब्लां शांत असते. सफरचंद, पेरू, थोडा मध. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये साखरेची हलकी झाक ठेवलेली असते, म्हणून घरात पहिल्यांदा वाइन चाखणाऱ्यांना ती आवडते. मला स्वतःला सॉव्हिन्योंची धार जास्त जवळची आहे, पण सहापैकी चार जण दरवेळी शेनिनकडे जायचे.

पुढे कधी व्हिओनिए नावाच्या द्राक्षाची बाटली हाती लागली तर काटोल-नरखेडकडच्या कोणाला तरी नक्की बोलवा. संत्र्याची बाग बहरात असताना रस्त्यापर्यंत येणारा तो गोड, जड वास ज्याने लहानपणापासून घेतला आहे, त्याला तो या ग्लासात भेटतो. लिनालूल हे सुगंधी संयुग संत्र्याच्या फुलातही असतं आणि अशा द्राक्षांतही. आमच्यातली नरखेडची मैत्रीण ग्लास नाकाशी नेऊन बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आमच्या वावरातून आल्यासारखं वाटून राहिलं."

काही बिघडलं असेल तर

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट पोत्याचा वास आला तर बुचाचा दोष; फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत तो क्वचितच सापडतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त पांढऱ्या वाइनना फिरकीचंच झाकण असतं. ते कमी दर्जाचं लक्षण समजू नका. विझलेल्या काडीपेटीसारखा वास आला तर ग्लास जोरात फिरवा, पाच मिनिटं थांबा, बहुतेकदा उडून जातो. व्हिनेगरचा वास उडत नाही. तळाशी साखरेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, द्राक्षातल्याच आम्लाचे ते स्फटिक आहेत, बाटली खूप थंड झाली की बसतात.

सोबत काय खायचं

खाणं चाखण्याच्या पहिल्या फेरीनंतर आणा. सॉव्हिन्यों ब्लां आणि पुडाची वडी ही जोडी एकदा करून पाहाच. वडीतला सांबार आणि वाइनमधला हिरवा वास एकमेकांना ओळखतात, आणि तळणीचा तेलकटपणा आंबट घोटाने धुऊन निघतो. तर्री पोह्यांशी थोडी गोडसर शेनिन जमते, तर्री मात्र बेताची हवी. गोळाभाताशीही तीच घ्या.

सावजीबरोबर नको. तिखटाची आग अल्कोहोलने वाढते आणि वाइनचा सगळा नाजूकपणा त्या काळ्या मसाल्याखाली जातो. दोन्ही मला प्रिय आहेत, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या दिवशी. संत्रा बर्फीबरोबर ड्राय वाइन घेतली तर ती एकदम आंबट, रोडकी लागते, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला. हे मुद्दाम एकदा करून पाहण्यासारखं आहे. ताज्या संत्र्याची फोड खाऊन लगेच घोट घेतला तरी तोच परिणाम दिसतो.

पुढच्या संध्याकाळी

दुसऱ्या महिन्यात द्राक्ष एकच ठेवा आणि कंपन्या दोन. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून त्यावर क्रमांक टाका, गुंडाळणाऱ्याने ओतायचं नाही. किमतीचा अंदाज सगळ्यांनी आधी लिहून ठेवायचा. आमच्याकडे तीनदा स्वस्त बाटली पहिली आली. एकदा महागडी इतकी स्पष्ट वरचढ होती की कोणाचंच दुमत नव्हतं. दोन्ही प्रकारचे दिवस पाहायला हवेत.

तिसऱ्या महिन्यात एकच बाटली घ्या आणि तीन ग्लासांत वेगवेगळ्या थंडाव्याला चाखा: एक फ्रीजमधून थेट, एक दहा मिनिटं बाहेर ठेवलेला, एक खोलीच्या तापमानाला आलेला. लिंबूपाण्याचा तो सराव इथे पुन्हा आठवेल.

बाटलीत वाइन उरली तर छोट्या स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस चांगली राहते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यातला एक घोट घ्या आणि वहीत कालच्या नोंदीखालीच लिहा, कोणता वास गेला आणि कोणता राहिला.